आठ वल्ही आणि एक भोंगा

शाळेच्या दाखल्यावर तिचं एक गोडसं नाव होतं आणि ते दाखल्यावरच राहिलं. घरीदारी सगळे तिला भोंगा म्हणत. तान्ही असताना ती रोज सकाळी ठरल्या वेळी रडायला लागायची, आणि वरच्या मजल्यावरची शेजारीण म्हणायची, "वाजला तुमचा भोंगा, आता मला उठायला हवं." पुढे ती शाळेत गेली, कॉलेजात गेली, पण भोंगा काही मागे सुटला नाही. अंगाने एवढीशी, बसच्या सीटवर बसली तर पाय खाली टेकत नसत. आणि आवाज असा, की तिने जिन्यातून कुणाला हाक मारली तर सगळ्या मजल्यांवरची दारं उघडायची.

हा आवाज आईकडून आला होता. आई बसमध्ये कंडक्टर. "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून म्हणून तिचा गळा चांगला तयार झाला होता. बाबा जुन्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड चढवून द्यायचे. काम करताना बारीक चुका ओठांत धरायच्या आणि एकेक काढून हातोडीने ठोकायची, त्यामुळे दिवसभर त्यांचं बोलणं बंद. "ह्यांच्या तोंडात कायम चुका," आई म्हणायची, "पण एक कबूल करतील तर शपथ!" बाबा त्यावर नुसते डोळ्यांनी हसायचे.

घरात चौथी आत्या. ती टेलिफोन ऑफिसात जन्मभर "थांबा हं, जोडून देते" असं मंजुळ बोलून निवृत्त झालेली. बाईमाणसाचा आवाज कसा असावा याबद्दल तिची मतं पक्की होती आणि भाचीने त्यातलं एकही पाळलं नव्हतं.

"अगं, हळू बोल," आत्या म्हणायची. "समोरच्याला ऐकू गेलं की झालं. समोरच्या गल्लीला कशाला सांगायचं?"

भोंगा मनावर घ्यायची, दोन वाक्यं हळू बोलायची, तिसऱ्याला पुन्हा पहिले पाढे.

शाळेत असताना एक मैत्रीण झोपाळ्यावरून पडली होती. तेव्हा भोंग्याने मारलेल्या हाकेने पलीकडच्या रस्त्यावरच्या दवाखान्यातला माणूस धावत आला. मैत्रिणीच्या हाताला प्लास्टर चढेपर्यंत ही तिचा दुसरा हात धरून उभी होती, आणि ते सगळं तिला इतकं आवडलं की घरी आल्या आल्या तिने जाहीर केलं, "मी नर्स होणार." आत्याने कपाळावर हात मारला. "दवाखान्यात तर भिंतीवर पाटीच असते ना, शांतता राखा म्हणून!"

तर भोंगा नर्सिंग कॉलेजात दाखल झाली. कॉलेज नदीपलीकडे. बस पुलाच्या अलीकडे सोडायची आणि पूल चालत ओलांडावा लागायचा. पहिल्याच आठवड्यातल्या एका सकाळी ती पुलाच्या मध्यावर आली, सहज खाली बघितलं, तर एक लांबलचक, निमुळती बोट पुलाकडे येत होती. आत आठ मुली वल्ही मारत होत्या, सगळ्या पाठमोऱ्या. बोटीच्या वाटेत पाण्यात अर्धा बुडालेला एक ओंडका तरंगत होता, चांगला माणसाएवढा. मागून मोटरबोटीतून एक म्हातारे गृहस्थ कर्ण्यातून काहीतरी ओरडत होते. पण कर्ण्याची बॅटरी गेलेली असावी, कारण त्यातून नुसती खरखर निघत होती.

भोंग्याने कठड्याला पोट टेकवलं आणि ओरडली, "थांबा! पुढे लाकूड आहे! थांबा!"

आठ वल्ही एकदम पाण्यात रुतली. बोट थरथरत थांबली. ओंडका तिच्या नाकासमोरून आरामात वाहत गेला. पुलावरून चाललेला एक सायकलवालाही घाबरून थांबला होता, तो बडबडत पुन्हा निघाला.

भोंगा पूल उतरते तोच ते मोटरबोटवाले गृहस्थ समोर हजर. पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, धाप लागलेली.

"तू ओरडलीस?"

"हो. सॉरी."

"सॉरी काय? वजन किती तुझं?"

"तुम्हाला काय करायचंय माझ्या वजनाशी?"

"मला नाही, बोटीला करायचंय," ते म्हणाले. "उद्या सकाळी धक्क्यावर ये. पोहता येतं ना?"

हे सर. आसपासच्या सगळ्या कॉलेजांच्या मिळून एका बोट क्लबचे ते कोच होते. त्यांच्या बोटीत सुकाणू धरणारी मुलगी शिक्षण आटोपून नुकतीच गेली होती. अशा बोटीत आठ जणी वल्ही मारतात आणि त्या आठही जणींची पाठ पुढच्या दिशेला असते. कुठे चाललोय, पुढे काय आहे, त्यांना काही दिसत नाही. शेपटीकडे एक नववी बसते, तिचं तोंड तेवढं पुढे. तिला कॉक्स म्हणतात. तिने सुकाणूच्या दोऱ्या हातात धरायच्या, पुढे बघायचं आणि बोलायचं. ती जितकी हलकी तितकी बोट खूश.

दुसऱ्या दिवशी भोंगा गेली. जाताना आत्याला म्हणाली, "बोलायचा खेळ आहे." आत्याला वाटलं वक्तृत्व.

पहिल्या दिवशी तिने बोट धक्क्यावर आपटली. दोरी ओढली की बोट कुठे वळते ते सरांनी समजावलं होतं. ती लगेच वळत नाही, जरा विचार करून वळते, हे सांगायचं राहिलं होतं. भोंग्याने दोरी ओढली, काही झालं नाही म्हणून आणखी ओढली, आणि मग बोटीने दोन्ही वेळचं वळण एकदम घेतलं. धक्क्याला बांधलेल्या टायरवर नाक घासून बोट थांबली.

तिच्या समोरच, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, बोटीतली सगळ्यात उंच मुलगी बसली होती. बोटीत नंबर नाकाकडून मोजतात, म्हणून ही आठवी, आणि बाकी साती जणी तिच्या तालावर वल्ही मारायच्या. इंजिनिअरिंगला होती आणि सगळे तिला शिडी म्हणत. शिडीने मान न वळवता शांतपणे विचारलं, "आलं का आपलं स्टेशन?"

बोट हसून हसून इतकी डुलली की उलटायचीच बाकी राहिली. भोंग्यालाही हसू फुटलं, आणि त्या दिवसापासून ती त्यांची झाली.

पण झाली म्हणून लगेच जमली असं नाही. पहिलं वर्षभर भोंग्याची समजूत अशी होती की आपल्याला आवाजासाठी घेतलंय तर आवाज काढावा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती "जोर लावा! अजून जोर! जोर!" एवढंच ओरडायची. काठावरच्या म्हशीदेखील मान वर करून बघायच्या. वर्षाच्या शेवटी शर्यत झाली, त्यात त्यांची बोट शेवटून पहिली आली.

बोट पाण्याबाहेर काढून सगळ्या फडक्यांनी पुसत होत्या. शिडी पुसता पुसता तिच्याजवळ आली.

"एक सांगू? रागावू नकोस."

"सांग."

"तू ओरडतेस खूप, पण सांगत काहीच नाहीस. जोर लावा म्हणजे काय? आम्ही काय तिथे डुलक्या काढतोय? आम्हाला दिसत नाही गं काही. किती राहिलंय, कोण कुठे आहे, आपलं काय चुकतंय, ते सांग. आणि खरं सांग. हरत असलो तर हरतोय म्हण."

"हरतोय म्हटलं तर तुम्ही खचाल."

"तुझं तोंड माझ्यासमोर असतं," शिडी म्हणाली. "तू काही म्हण, मला त्यावरून सगळं कळतं. तुझा चेहरा पडला की माझा हात पडतो, आणि माझा पडला की मागे सातही जणींचा."

भोंगा त्या दिवशी बसमध्ये गप्प होती. योगायोगाने गाडी आईचीच होती. आईने तिकिटं फाडता फाडता दोनदा वळून पाहिलं. भोंगा आणि गप्प, म्हणजे पोरीला ताप असणार, या काळजीने तिने कपाळाला हात लावून बघितला.

त्यानंतर भोंगा बघायला शिकली. वल्हं पाण्यातून निघालं की मागे एक भोवरा राहतो. तो घट्ट आणि गोल असेल तर वल्हं नीट बसलं, फेसाळ असेल तर निसटलं. आठ जणींचे आठ भोवरे बोटीच्या दोन्ही अंगांनी मागे जायचे आणि ती ते वाचायची. तीन नंबरची श्वास सोडायला विसरते, सहावी दमली की डावा खांदा पाडते, हे तिला वाकून न बघता कळायला लागलं. बोलणं कमी झालं. "सहावी, खांदा," एवढंच म्हणायची आणि खांदा वर यायचा. "धर," म्हटलं की आठ वल्ही पाण्यात, "सोड," म्हटलं की बाहेर. कधी कधी बराच वेळ ती काहीच बोलायची नाही. बोटीखालून पाण्याची बुडबुड ऐकू यायची, आणि नऊही जणींना माहीत असायचं की ही बुडबुड ऐकू येते तेव्हा सगळं जुळलेलं असतं.

घरी मात्र वेगळीच भानगड सुरू झाली होती. शर्यतीच्या नियमात कॉक्सचं वजन फार कमी चालत नाही. कमी पडलं तर तेवढी वाळू पिशवीत भरून तिच्या पायाशी ठेवतात. भोंग्याला चांगली गच्च पिशवी लागायची. हे तिने जेवताना गंमत म्हणून सांगितलं, आणि आत्याचा घास हातातच राहिला.

"वाळू?" आत्या म्हणाली. "माझ्या भाचीच्या पायाशी वाळू ठेवतात? चारचौघांत? लोक काय म्हणतील, घरात पोरीला खायला घालत नाहीत!"

"आत्या, नियम आहे तो. सगळ्याच कॉक्स..."

"सगळ्यांच्या घरचं मला माहीत नाही. आपल्या घरची पिशवी बंद झाली पाहिजे."

तेव्हापासून आत्याने कंबर कसली. सकाळी निघताना दोन अंडी, डब्यात चार जणींचं जेवण, संध्याकाळी दूध आणि केळी. भोंगा डबा बोटीवर न्यायची आणि आठ धिप्पाड मुली तो मिनिटात साफ करायच्या. रिकामा डबा पाहून आत्या धन्य व्हायची. महिनाभराने तिने वजन विचारलं तर होतं तेवढंच! "खाल्लेलं जातं कुठे हिचं?" ती बाबांना म्हणाली. बाबांनी तोंडातली चूक काढली आणि म्हणाले, "आवाजात."

तिकडे दवाखान्यातल्या प्रत्यक्ष कामाला सुरुवात झाली होती. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर भोंग्याची नेमणूक बाळंतिणींच्या वॉर्डात झाली. तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणजे पिकल्या केसांची, ताठ पाठीची बाई. त्या चालताना बुटांचा आवाज होत नसे आणि बोलताना आवाज असून नसल्यासारखा. पहिल्याच दिवशी भोंग्याने दारातून विचारलं, "सिस्टर, ही चादर कुठे ठेवू?" आणि नुकती झोपलेली सगळी बाळं ओळीने उठली.

मोठ्या सिस्टर जवळ आल्या. "मुली, इथे बाळं स्वतःची स्वतः रडतात. त्यांना मदत लागत नाही."

भोंग्याची सकाळ नदीवर जायची, तिथून ओल्या केसांनी धावत वर्ग, मग वॉर्ड. वर्गात डोळे मिटायचे. पेनाची रेघ अक्षरावरून घसरत वहीबाहेर जायची. शर्यतींचे दिवस जवळ आले की वॉर्डातले तास बुडायचे, आणि ते भरून दिल्याशिवाय परीक्षेला बसता यायचं नाही. मोठ्या सिस्टरांना खेळाबद्दल राग नव्हता, पण कौतुकही नव्हतं. "एक काहीतरी धड कर," त्या म्हणाल्या. "बाळ काही तुझी शर्यत आटपायची वाट बघणार नाही."

ते शब्द तिला लागले. सरांना जाऊन ती म्हणाली, "सर, मी बोट सोडू का?" सर धक्क्यावर उकिडवे बसून कर्ण्याची बॅटरी चोळत होते. वर न बघता म्हणाले, "सोड की. पण दमलेली असताना ठरवू नकोस. आधी झोप, जेव, मग ठरव." भोंगा घरी गेली, जेवली, दुपारभर झोपली आणि उठून ठरवलं की दोन्ही करायचं.

तिसऱ्या वर्षाची गोष्ट. एका दुपारी वॉर्डात एक तरुण शिक्षिका आली होती, पहिलंच बाळंतपण. सकाळपासून कळा चालू होत्या. बाई घामाने भिजून गेली होती, आणि आता ऐन वेळी तिने हातपाय गाळले होते. डॉक्टर, सिस्टर, सोबत आलेली तिची मोठी बहीण, सगळ्या एकदम सांगत होत्या, "जोर लाव! लाव जोर! अजून!"

"लावतेय ना!" ती बाई ओरडली. "किती राहिलंय ते तर सांगा कुणीतरी! मला काही दिसत नाहीये!"

पायाशी उभ्या असलेल्या भोंग्याने चमकून बघितलं. हे वाक्य तिने ऐकलेलं होतं. बोट पुसताना.

ती जरा पुढे झाली, त्या बाईला आपला चेहरा दिसेल आणि आपल्याला बाळ दिसेल अशी. आवाज खाली आणला. बोटीत अगदी जवळच्या एकीशी बोलावं तसा.

"ताई, माझ्याकडे बघा. मला दिसतंय, मी सांगते. डोकं दिसायला लागलंय. केस आहेत, काळे, भरपूर."

"खरंच?"

"खरंच. थोडंच राहिलंय, पण राहिलंय. आता काही करायचं नाही, नुसता श्वास घ्यायचा. कळ आली की मी सांगेन तेव्हा धरायचं. मध्ये नाही."

डॉक्टरांनी एकदा भोंग्याकडे बघितलं आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "हिला एकटीला बोलू द्या."

कळ आली. "धरा," भोंगा म्हणाली. "धरून ठेवा, ठेवा, छान... सोडा. श्वास. खांदे सैल. बघा, पुढे सरकलं." बाईचे डोळे तिच्या चेहऱ्यावर खिळलेले होते. पुन्हा कळ, पुन्हा धरा, पुन्हा सोडा. खोलीत एकच आवाज उरला आणि सगळं त्या आवाजाबरोबर चाललं. मग भोंगा म्हणाली, "ताई, आता शेवटचं. सगळं लावा," आणि बाळ आलं. मुलगी. आली ती अशी किंचाळत आली की बाहेर व्हरांड्यात बसलेला तिचा बाप ताडकन उभा राहिला.

"घ्या," मोठ्या सिस्टर पुटपुटल्या. "आणखी एक भोंगा."

नंतर हात धुताना त्या तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "हा आवाज होता तुझ्याकडे, तर इतके दिवस कुठे लपवला होतास?"

"नदीवर वापरते, सिस्टर."

सिस्टरांनी नळ बंद केला, हात कोरडे केले. "तास एकही माफ होणार नाही."

"हो, सिस्टर."

"पण सकाळचे तास संध्याकाळी भरून देता येतात. माझ्याकडे येऊन सांगायचं, बस."

भोंगा वॉर्डाच्या दारापर्यंत शहाण्यासारखी चालत गेली आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत पळाली.

शेवटच्या वर्षाची शर्यत रविवारी होती. आईने रजा घेतली होती, बाबांनी दुकान बंद ठेवलं होतं, आणि आत्या इस्त्रीची साडी, उन्हासाठी छत्री असा सरंजाम घेऊन काठावर खुर्ची टाकून बसली होती. बोलायचा हा खेळ ती आज पहिल्यांदा बघत होती.

वारा आडवा होता. सुटताना तीन नंबरचं वल्हं लाटेत अडकलं आणि बोट मागे पडली. अर्धं अंतर झालं तेव्हा त्यांच्यापुढे दोन बोटी होत्या. शिडीने नजरेनेच विचारलं. भोंग्याने चेहरा पडू दिला नाही आणि खोटंही बोलली नाही.

"तिसऱ्या आहोत," ती म्हणाली. आवाज खालचा. "पुढच्या बोटीची शेपटी माझ्या समोर आहे. घाई नको. तीन नंबर, श्वास. धर... सोड."

बोटीखाली बुडबुड सुरू झाली.

"त्यांची कॉक्स माझ्या बरोबरीला आली. आता त्यांची शिडी. आता सातवी. मला सहावी द्या." आठ पाठी वाकल्या, ताणल्या. "मिळाली. पाचवी द्या. मिळाली." अशी एकेक मुलगी मागत मागत ती बोट मागे टाकली. पहिली बोट अजून पुढेच होती. शेवटचा टप्पा दिसायला लागला, काठावरची माणसं दिसायला लागली, आणि त्या गोंगाटातून एक आवाज सरळ नदीवर आला: "पुढे सरका! पुढे सरका!" आई काठावरच्या कठड्यावर चढून ओरडत होती.

भोंग्याला हसू आलं. तिला हसताना बघून शिडी हसली. आणि मग भोंग्याने इतका वेळ जपून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं.

"आता!"

तो आवाज पुलाला आपटून परत आला. बोटीने उडी घेतल्यासारखं केलं. त्यानंतर ती काय ओरडली ते तिला कधीच आठवलं नाही. शिडी सांगते, नुसती आमची नावं घेत होतीस, आळीपाळीने, वेड्यासारखी. रेषा ओलांडली तेव्हा त्यांच्या बोटीचं नाक हातभर पुढे होतं.

जिंकलेल्या बोटीने आपल्या कॉक्सला पाण्यात फेकायचं, अशी या खेळातली जुनी रीत. भोंग्याला ती माहीत होती, सरांना माहीत होती. आत्याला कुणी सांगितली नव्हती. आत्याने बघितलं ते असं: धक्क्यावर आठ दांडग्या मुलींनी तिच्या भाचीला हातपाय धरून उचललं, झुलवलं आणि नदीत टाकलं.

"बुडवली! पोरीला बुडवली!" आत्या ओरडली. जन्मभर मंजुळ बोललेल्या आत्याच्या गळ्यातून असा आवाज निघाला की सरांच्या हातातला कर्णा खाली पडला. छत्री मिटून ती धक्क्यावर धावली आणि सगळ्यात उंच दिसलेल्या मुलीच्या पाठीत तिने दोन सणसणीत ठेवून दिल्या. शिडी "अहो आत्या, आम्ही जिंकलो, अहो आत्या" म्हणत पळतेय, आत्या छत्री उगारून मागे, आणि पाण्यातून डोकं वर काढून भोंगा हसतेय, ओरडायचा प्रयत्न करतेय, पण आवाज काही फुटत नाहीये. आई कठड्यावर बसून डोळे पुसत हसत होती. बाबा म्हणाले, "आता कळलं ना, हिचा आवाज आमच्याकडूनही थोडा आलाय."

आवाज फुटत नव्हता तो नव्हताच. सोमवारी सकाळी भोंगा उठली तर गळ्यातून नुसती हवा. आणि त्याच दिवशी दवाखान्यात तिची नोकरीची मुलाखत. आत्याने कोमट पाणी, मध, सगळं करून पाहिलं. काही उपयोग नाही. केस चापून बसवले, इस्त्रीचे कपडे घातले, आणि भोंगा तशीच गेली.

टेबलामागे तिघं होती. मध्ये दवाखान्याचे प्रमुख, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला मोठ्या सिस्टर. प्रमुखांनी काहीतरी विचारलं. भोंग्याने उत्तर दिलं.

प्रमुख पुढे वाकले. "जरा मोठ्याने बोला."

हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला म्हटलं होतं. तिने पुन्हा प्रयत्न केला. फुस्स.

"ह्यांचा आवाज इतका बारीक आहे का?" प्रमुखांनी सिस्टरांना विचारलं. "वॉर्डात कसं व्हायचं?"

मोठ्या सिस्टरांचा चेहरा हलला नाही. "आवाज काल नदीवर ठेवून आल्या आहेत. येईल परत. आला की आपणच हळू बोला म्हणून सांगाल."

डॉक्टर खुर्चीतल्या खुर्चीत हसायला लागल्या. मग भोंग्याने खुणा करत, कुजबुजत, मध्ये मध्ये सिस्टरांच्या मदतीने बाकीची उत्तरं दिली. प्रमुखांनी विचारलं, अभ्यास सांभाळून एवढा खेळ केलात, त्याचा या कामात काय फायदा? भोंगा कुजबुजली. प्रमुखांना कळलं नाही. सिस्टरांनी सांगितलं, "त्या म्हणताहेत, ज्याला पुढचं दिसत नाही त्याच्याशी कसं बोलावं ते शिकले."

तिला नोकरी मिळाली. ही बातमी तिने बसमध्ये आईला सांगितली, तीही कुजबुजत. आईने ती अख्ख्या बसला सांगितली, आणि मागच्या सीटवरच्या अनोळखी माणसांनीही टाळ्या वाजवल्या.

याला आता काही वर्षं झाली. भोंगा त्याच वॉर्डात आहे. तिच्या ड्युटीत येणाऱ्या बायका घरी जाताना तिचा हात धरून जातात, आणि काही जणी दुसऱ्या खेपेला आल्या की दारातूनच विचारतात, "त्या सांगणाऱ्या सिस्टर आहेत का?" मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या, तरी अधूनमधून येतात, बुटांचा आवाज न करता मागे उभ्या राहून बघतात आणि चहा पिऊन जातात.

रविवारी सुट्टी असली तर ती नदीवर असते. जुन्या आठांपैकी ज्या गावात उरल्या आहेत त्या येतात, जागा भरायला सर कुणालातरी पकडून आणतात. शिडी पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे, उन्हात काळवंडली आहे. तीन नंबर परवा बाळाला घेऊनच आली, टोपलीत घालून. शाळकरी मुलींच्या बोटीने त्यांना मागे टाकलं, त्यांनी मुलींना हात केले आणि धापा टाकत धक्क्याला लागल्या.

सर बाळाला खांद्यावर घेऊन धक्क्यावर येरझारा घालत होते. पॅंट नेहमीसारखी दुमडलेली, आणि बेसूर आवाजात काहीतरी गुणगुणणं चाललेलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बाळ झोपलं होतं.

आई झालेली तीन नंबर उतरायला निघाली होती, ती थबकली. सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं.

"झोपलंय तोवर," भोंगा हळूच म्हणाली, "अजून एक फेरी?"

शिडीने धक्क्याला पाय लावून बोट ढकलली.